फुटबॉल अकादम्यांचे अर्थकारण : मोबदल्याची किल्ली नोंदणीत

जबलपूर : इंडियन सुपर लीगमध्ये जबलपूरचा एकही क्लब नाही. त्यामुळे येथील होतकरू फुटबॉलपटूला परगावच्या अकादमीची वाट धरावी लागते. या अकादम्यांची मदार प्रामुख्याने क्लबमालकांच्या भांडवलावर असते आणि तो आधार चिरस्थायी नसतो. २०१४ मध्ये स्थापन झालेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्येच बंद पडला. लीगमधील त्याची जागा हैदराबादने घेतली.

उत्पन्नाचा दुसरा मार्ग फिफाच्या नियमांत आहे. खेळाडूच्या आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाच्या रकमेतील ५ टक्के वाटा त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांचा असतो. १ कोटी रुपयांच्या व्यवहारात हा वाटा ५ लाखांचा होतो. त्यातील १ लाख रुपये १२ ते १५ या वयातील चार वर्षांच्या प्रशिक्षणापोटी मिळतात. २०२२ पासून फिफाचे क्लिअरिंग हाऊस खेळाडूच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या आधारे हे वाटप करते.

भारतीय खेळाडूंची परदेशी हस्तांतरणे विरळ असल्याने केवळ या पैशावर अकादमी चालणार नाही. तथापि, मुलाची बाराव्या वर्षापासून रीतसर नोंदणी न करणारा छोटा क्लब भविष्यातील हक्कालाही मुकतो. जबलपूरसारख्या शहरांसाठी हाच कळीचा मुद्दा आहे.