मालवणात बुडी, आंबोलीत मुक्काम?

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आईवडिलांना काय द्यावे, या प्रश्नाचे महाड-पोलादपूर भागातले उत्तर गेल्या काही वर्षांत बदलले आहे. पूर्वी सोन्याचा एखादा डाग व्हायचा, नाहीतर अष्टविनायक किंवा काशीची यात्रा. आता मुंबई-पुण्यात नोकरीला असलेली मुले मोबाइलवरूनच 'कपल पॅकेज' बुक करून टाकतात. बेताचे बजेट असेल तर तारकर्ली, हात जरा सैल असेल तर अंदमान, आणखी सैल असेल तर मालदीव. समुद्राकडे तोंड असलेली खोली, न्याहारी-जेवण, आणि एका सकाळी स्कूबा डायव्हिंग. बिरवाडीच्या बाजूच्या कारखान्यात तीस वर्षे पाळ्या केलेला गृहस्थ आणि घर, भात, सासू-सासरे सांभाळून थकलेली त्याची पत्नी यांना असे चार दिवस मिळत असतील तर त्यात वावगे काही नाही. खरे तर ते बरेच आधी मिळायला हवे होते.

अडचण निवडीच्या पद्धतीत आहे. रिसॉर्ट फोटो पाहून निवडला जातो. खोलीत टब आहे का, बिछान्यावर फुले घालतात का, नाश्त्याला काय असते, हे सगळे विचारून होते. ज्या दोन शरीरांना पाण्याखाली न्यायचे आहे त्यांच्याबद्दल मात्र कोणीच काही विचारत नाही. पन्नाशीतल्या जोडप्यासाठी पाहायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत, आणि त्या माहितीपत्रकात बहुधा नसतात.

सुरुवात दाबापासून करावी लागेल. समुद्रात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरवर शरीरावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. स्कूबाच्या नळीतून मिळणारी हवाही त्याच दाबाची असते. आता कोणी दहा मीटरवर छातीत पाच लिटर हवा भरून घेतली आणि श्वास रोखून वर आला, तर पृष्ठभागापर्यंत तीच हवा दहा लिटर होऊ पाहते. फुप्फुसात तेवढी जागा नसते. वायुकोश फाटतात, हवा छातीच्या पोकळीत किंवा थेट रक्तात शिरते, आणि तिचा बुडबुडा मेंदूपर्यंत गेला तर काही मिनिटांत पक्षाघातासारखी अवस्था होते. 'आम्ही फार खोल नेत नाही' हे आश्वासन इथे अपुरे पडते. दाबातला सर्वांत मोठा तुलनात्मक बदल पहिल्या दहा मीटरमध्येच होतो. भरलेल्या छातीने श्वास रोखून धरला तर दीड-दोन मीटर वर येणेही इजा करायला पुरते.

महाड-पोलादपूरच्या माणसाला हे मुद्दाम सांगायला हवे, कारण त्याला पोहता येते. सावित्रीच्या, गांधारीच्या डोहात किंवा गावच्या विहिरीत जो पोहायला शिकला, त्याच्या अंगात एक सवय पक्की मुरलेली असते: पाण्यात गेले की श्वास धरायचा. डोहात तीच सवय जीव वाचवते. तिथे बुडी मारताना वरची हवा घेऊन खाली जायचे असते आणि तीच घेऊन वर यायचे असते, त्यामुळे ती मूळच्या आकारमानापेक्षा फुगत नाही. स्कूबात खालच्या दाबाची हवा घेतलेली असते. तिथे श्वास सतत चालू ठेवणे हा पहिला आणि शेवटचा नियम. पट्टीचा पोहणारा घाबरला की नेमका हाच नियम विसरतो. म्हणून 'यांना पोहता येते, यांना काही सांगायला नको' असे म्हणणारा प्रशिक्षक दिसला तर दुसरीकडे जावे.

फुप्फुसांचा विषय निघालाच आहे तर क्षयरोगाचे बोलले पाहिजे. ग्रामीण भागात पन्नाशीच्या कितीतरी लोकांना तरुणपणी क्षय होऊन गेलेला असतो. सहा-आठ महिने गोळ्या घेतल्या, बरे झाले, विसरले. पोरांना तर ते माहीतही नसते. पण बऱ्या झालेल्या फुप्फुसात व्रण, पोकळ्या, हवा अडकून राहणारे कोपरे उरू शकतात, आणि पाण्यातून वर येताना हवा बाहेर पडायला वाट हवी असते ती तिथे मिळत नाही. क्षय होऊन गेलेल्या, दमा असलेल्या, कोविडमध्ये ऑक्सिजनवर राहिलेल्या किंवा रासायनिक कारखान्यात वायूचा त्रास झालेल्या माणसाने छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी केल्याशिवाय बुडी मारू नये. फुप्फुस एकदा आपोआप फाटून छातीत हवा साठली असेल, तर स्कूबाचा विचार सोडून द्यावा. तारकर्लीला डॉल्फिन बघण्याची बोटही असते.

कानाचे थोडक्यात. खाली जाताना दर हातभर अंतराला नाक दाबून हळूच फुंकायचे, दुखायच्या आधी. दुखले तर थोडे वर यायचे. सर्दी असेल तर त्या दिवशी जायचेच नाही, गोळी घेऊनही नाही. ज्यांचा कान लहानपणी वाहत असे, त्यांनी आधी पडदा तपासून घ्यावा. पडद्याला भोक असेल तर गार पाणी आत शिरून अशी भोवळ येते की वर कुठे आणि खाली कुठे तेही कळत नाही.

सर्वांत कमी बोलले जाते ते हृदयाबद्दल. मध्यमवयीन डायव्हरांच्या मृत्यूंची कारणे तपासली जातात तेव्हा हृदयविकार वारंवार पुढे येतो. गळ्यापर्यंत पाण्यात उतरले की पायांतले रक्त वर सरकते आणि अर्ध्या लिटरहून अधिक रक्त छातीत जमा होते. त्यात पाण्याचा गारवा, अंगावरचे घट्ट कपडे, मनातली भीती आणि प्रवाहाविरुद्ध पाय मारण्याचे श्रम. निरोगी हृदय हे सहन करते. रक्तदाब ताब्यात नसलेल्या माणसाच्या फुप्फुसांत मात्र पाण्यात असतानाच पाणी झिरपू लागते. धाप, खोकला, तोंडाला गुलाबी फेस. हे चित्र महाडकरांना नवे नाही. लाल विंचू चावलेल्या पोराच्या तोंडाला येणारा तो फेस इथल्या जुन्या पिढीने पाहिलेला आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि जगभरच्या वैद्यकाला त्याची दखल घ्यावी लागली. विंचवाच्या विषाचे कारण वेगळे, पण बुडालेली फुप्फुसे दिसतात तशीच. पाण्यात असताना अशी धाप लागली तर उपाय एकच: श्वास चालू ठेवत सावकाश वर येऊन पाण्याबाहेर पडायचे आणि ऑक्सिजन घ्यायचा. स्नॉर्केलिंग करतानाही हे होऊ शकते. तोंडातल्या नळीने नुसते तरंगणे म्हणजे बिनधोक, असे समजू नये.

मधुमेहींचा धोका आणखी एका वाटेने येतो. साखर उतरल्यावर घाम, थरथर, गोंधळ ही लक्षणे पाण्याखाली ओळखू येत नाहीत. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर बुडी मारण्यापूर्वी साखर किमान १५० असावी आणि उतरणीला लागलेली नसावी, असा डायव्हिंग-वैद्यकाचा सल्ला आहे. पहाटे उपाशीपोटी बोटीवर चढणाऱ्याला तो कोण सांगणार?

सांगायची सोय खरे तर आहे. डायव्हिंगच्या आंतरराष्ट्रीय संस्था वापरतात त्या प्रश्नावलीत वय ४५च्या पुढे आहे का, सोबत धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल किंवा घरात तरुणपणी हृदयविकार आहे का, हे विचारलेले असते. एका जरी प्रश्नाला 'हो' आले तर डॉक्टरांची सही लागते. प्रत्यक्षात किनाऱ्यावर घाईत कागद पुढे येतो, तो इंग्रजीत असतो, आणि एजंट सांगतो, 'सगळीकडे नो टिक करा'. रक्तदाबाची गोळी पिशवीत असलेला माणूसही 'नो' लिहितो, कारण पैसे भरलेले असतात. दुसरी वाट याहून वाईट. गावातल्या ओळखीच्या डॉक्टरकडून कसलीही तपासणी न करता 'फिट' असा दाखला आणायचा. दाखला देणाऱ्याने जिना चढवून नाडी पाहिलेली नसते, कानात डोकावलेले नसते. असा दाखला देणे म्हणजे सौजन्य नव्हे. पन्नाशीच्या माणसाचा ईसीजी, रक्तदाब, साखर, कानाची तपासणी आणि दोन-तीन मजले चढल्यावर धाप किती लागते याचा अंदाज, एवढे कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी एका सकाळी होते. जिथे शंका उरेल तिथे पुढच्या तपासण्या. हे तिकिटे काढण्याआधी करायचे, नंतर नाही.

आणखी एक गोष्ट वैद्यकीय वाटत नाही, पण आहे. पॅकेज दोघांचे असते, इच्छा बहुतेकदा एकाची. 'एवढे पैसे भरलेत, आता घाबरतेस काय' या वाक्याच्या जोरावर पाण्यात उतरलेली व्यक्ती खाली गेल्यावर घाबरून तोंडातली नळी काढते, झटकन वर येऊ पाहते आणि श्वास धरते. नवविवाहितांच्या बाबतीत गर्भारपणाचाही प्रश्न असतो. पाळी चुकलेली असेल तर बुडी नको, हे सांगायचा संकोच मधुचंद्राच्या पॅकेजमध्ये हमखास होतो. म्हणून रिसॉर्ट असा निवडावा की जो पाण्यात उतरणार नाही त्यालाही तिथे दिवस घालवावासा वाटेल. मालवण या बाबतीत चांगले आहे. एकाने बुडी मारावी, दुसऱ्याने सिंधुदुर्गच्या तटावरून फिरून यावे. संध्याकाळी दोघांनी मिळून मासे खावेत.

आता घाटाबद्दल, कारण हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. पाण्याखाली दाबाने रक्तात आणि चरबीत नायट्रोजन विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. त्याआधीच माणूस कमी दाबाच्या जागी गेला तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, हातापायांना मुंग्या येतात, क्वचित पाय लुळे पडतात. म्हणून एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक बुड्या किंवा सलग काही दिवस बुड्या झाल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये, असा 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क' या संस्थेचा दंडक आहे. विमानाचे सगळ्यांना सांगतात, घाटाचे कोणी सांगत नाही. हा दंडक साधारण ६०० मीटरपासून वरच्या उंचीला लागू होतो. आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे आणि मालवणहून दोन-अडीच तासांत तिथे पोहोचता येते. महाबळेश्वर १३०० मीटरच्याही वर आहे आणि पोलादपूरहून आंबेनळी घाटाने तासा-दीड तासावर. 'सकाळी स्कूबा, रात्री आंबोली' किंवा 'परतीच्या वाटेवर महाबळेश्वर' हे बेत कागदावर छान दिसतात.

भीती वाढवून सांगण्याचे कारण नाही. मालवणला हौशी पर्यटकाला पाच-सात मीटरवर पंधरा-वीस मिनिटे नेतात. त्यात विरघळणारा नायट्रोजन थोडाच, आणि महामार्गाने चिपळूण, कशेडीमार्गे महाडला परतणाऱ्याला चिंता नसावी. हिशेब बदलतो तो तारकर्लीच्या पर्यटन महामंडळाच्या केंद्रात किंवा अंदमानात चार दिवसांचा कोर्स करणाऱ्याचा. तो दिवसाला दोन-दोन बुड्या मारतो, अठरा मीटरपर्यंत जातो. त्याने बुड्या सहलीच्या सुरुवातीला घ्याव्यात आणि शेवटचा अख्खा दिवस वाळूत लोळून काढावा. विश्रांतीसाठीच तर गेलेला असतो.

रिसॉर्टला फोन करताना विचारायचे ते असे: बोटीवर ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर आहे का, एका प्रशिक्षकामागे माणसे किती (पहिल्यांदा उतरणाऱ्याला एकास एक हवा), आणि दाब देऊन उपचार करणारे रिकम्प्रेशन चेंबर किती तासांवर आहे. यावर समोरचा गोंधळला तर तेही उत्तरच समजावे. बोटीत चढल्यापासून उतरेपर्यंत लाइफ जॅकेट अंगावर हवे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले. त्यांची बुडी पार पडली होती, घात परतीच्या वाटेवर झाला. मे महिन्याच्या अखेरीस समुद्र बदलू लागतो, त्यामुळे सुट्टी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढता आली तर पाणी नितळही मिळते.

आणि समजा घरी आल्यावर रात्री खांदा ठणकू लागला, पायाला मुंग्या आल्या, लघवी अडली. अशा वेळी पाठीला बाम चोळत सकाळची वाट पाहू नये. ग्रामीण रुग्णालयात जाऊन पहिले वाक्य हे सांगावे की काल समुद्रात बुडी मारली होती. ड्युटीवरच्या डॉक्टरला ते विचारायचे सुचेलच असे नाही, महाडला असे रुग्ण रोज येत नाहीत. मास्क लावून शक्य तितका शुद्ध ऑक्सिजन, आडवे झोपवणे, शुद्धीवर असेल तर पाणी, आणि १०८ला फोन. पुढे पाठवताना वरंध घाटाने पुण्याला नेऊ नये, चढणीवर बुडबुडे आणखी फुगतात. महामार्गाने खालच्या खालीच मुंबई गाठावी. कुलाब्याला नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयात अशा उपचाराचे चेंबर आहे. निघण्याआधी तिथे फोन करून ठेवावा.