छाटणी करणारा हात आणि आपलें कर्तव्य

द्राक्षबागांत छाटणीचा हंगाम जवळ आला म्हणजे औषधें, खतें, काडीवर राखावयाचे डोळे आणि पावसाचा अंदाज या विषयांवर आम्ही बागाईतदार तासन्‌तास बोलतों, व तें योग्यच आहे. परंतु ज्या हातानें ही छाटणी व्हावयाची, त्या हाताची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. बैलास खांदेसूज आली तर जाणता शेतकरी बैलास दोष देत नाहीं. तो प्रथम जूं तपासतो, त्याचा टोचणारा भाग तासून घेतो व बैलास विसांवा देतो. तोच शेतकरी मजुराचें मनगट दुखूं लागलें म्हणजे त्यास अंगचोर ठरवितो आणि त्याच्या हातांतली कात्री मात्र एकदांही पाहत नाहीं. ही विसंगति आतां तरी दूर व्हावी, एवढ्याचसाठीं हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

दुसऱ्याचा दोष सांगण्यापूर्वीं स्वतःचा सांगणें बरें. नाशिक जिल्ह्यांतील आमच्या बागेंत पेठ-सुरगाण्याकडून दर हंगामास जी टोळी येते, तींत एक बाई छाटणीच्या कामीं अत्यंत निष्णात होती. तिला आम्ही सारे मावशी म्हणत असूं. एका वर्षीं तिच्या हातून कात्री वरचेवर गळून पडूं लागली. कारण विचारलें असतां ती हळूच म्हणाली, “रातचा हात मेल्यावाणी होतो, दादा. झटकला म्हंजे येतो. पण मुकादमाला सांगू नका.” आम्ही मुकादमास सांगितलें नाहीं, आणि दुसरेंही कांहीं केलें नाहीं. लचक भरली असेल असें समजून गप्प बसलों. दोन हंगामांनंतर ती डॉक्टरांकडे गेली, तेव्हां अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा झिजून खोलगट झाला होता. शस्त्रक्रिया झाली, रात्रीच्या मुंग्या थांबल्या. परंतु अंगठ्याची गेलेली शक्ति पुरती परत आली नाहीं. आज सुतळीची गांठ मारतांना तिला दुसऱ्याचा हात लागतो. पहिल्याच वर्षीं आम्ही लक्ष घातलें असतें तर हा हात बहुधा वांचला असता, ही टोंचणी आमच्या मनास कायमची लागून राहिली आहे.

हें दुखणें आहे तरी काय, तें थोडक्यांत सांगतों. मनगटांत तळव्याच्या बाजूस एक अरुंद बोगदा असतो. त्याचा तळ व भिंती मनगटाच्या लहान हाडांच्या बनलेल्या असून वरून एका जाड आडव्या बंधाचें छप्पर असतें. बोटें मिटविणारे नऊ स्नायुरज्जु आणि त्यांच्या सोबतीनें एक ज्ञानतंतु या बोगद्यांतून तळहातांत उतरतो. रज्जूंचीं आवरणें सुजलीं किंवा मनगट फार वेळ वांकलेलें राहिलें म्हणजे आंतील दाब वाढतो. हाड हटत नाहीं, बंध फारसा ताणला जात नाहीं. मग या सर्वांत मऊ असा जो ज्ञानतंतु, तोच चेपला जातो. इंग्रज शस्त्रवैद्य जेम्स पॅजेट यांनीं मनगट मोडल्यानंतर हा ज्ञानतंतु कसा चेपला जातो, याचें वर्णन १८५४ मध्यें केलें होतें. पुढें विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंतील जॉर्ज फेलन यांच्या परिश्रमानें हा विकार सर्वत्र ओळखला जाऊं लागला. डॉक्टर त्यास कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

याची खूण ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. मुंग्या किंवा बधिरपणा अंगठा, तर्जनी, मधलें बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडील बाजू एवढ्यांतच असतो. करंगळी त्यांतून सुटते. त्रास रात्रीं वाढतो, झोप मोडते, आणि हात झटकला म्हणजे बरें वाटतें. पुढें पकड सैल होऊन वस्तु हातांतून पडूं लागतात. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींस टेकवून, बोटें खालीं करून, मनगटें एक मिनिटभर वांकलेलीं ठेवावीं. तेवढ्यांत वरील बोटांस मुंग्या आल्या तर संशय घ्यावा. ही परीक्षा फेलन यांच्याच नांवानें ओळखली जाते. अर्थात्‌ ती शेवटचा निकाल नव्हे. करंगळीच बधिर होत असेल तर दुसरा ज्ञानतंतु दुखावलेला असतो. मानेपासून हातापर्यंत कळ येत असेल तर मूळ मानेंत असूं शकतें. मुंग्या नसून केवळ अंगठ्याच्या बाजूचें मनगट दुखत असेल तर तेथील रज्जूंची सूज संभवते. आणि हाताच्या बधिरपणाबरोबर अंगावर संवेदना नसलेला चट्टा आढळला तर कुष्ठरोगाची तपासणी विनाविलंब करून घ्यावी. त्याचा उपचार सरकारी दवाखान्यांत मोफत होतो व तो रोग खात्रीनें बरा होतो.

प्रत्येक दुखऱ्या मनगटाचें खापर कात्रीवर फोडावें, असें आमचें म्हणणें नाहीं. मधुमेह, थायरॉईड ग्रंथीचें मांद्य, संधिवात, स्थूलता व गर्भारपण यांमुळेंही हा विकार होतो, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांस तो अधिक होतो. म्हणून रक्ताची तपासणी टाळूं नये. परंतु जोरानें मूठ आवळणें, तीच हालचाल पुनःपुन्हां करणें आणि मनगट वांकडें ठेवणें या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे धोका वाढतो, हें आतां निर्विवाद आहे. आणि छाटणींत तर या तिन्ही एकत्र नांदतात. मांडवावरील काडी डोक्याच्या वर, कात्री बोथट, मनगट मुडपलेलें, आणि हाच क्रम सकाळपासून दिवस मावळेपर्यंत! फ्रान्स हा द्राक्षांचा जुना देश. तेथें शेतकामगारांच्या व्यवसायजन्य रोगांची जी सरकारी यादी आहे, तींत या विकारास स्थान आहे. इटलींतील वैद्य रामाझिनी यांनीं १७०० मध्यें कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्यास ‘तुझा धंदा कोणता?’ हा प्रश्न अवश्य विचारावा, असें वैद्यांस बजावलें. तीनशें वर्षांनंतरही आमचा मजूर दवाखान्यांत जातो तेव्हां हा प्रश्न त्यास नेहमींच विचारला जातो असें नाहीं. म्हणून त्यानें तो न विचारतांच सांगावा.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. मावशीनें दुखणें कां लपविलें? काम उक्तें होतें. एकराचा दर ठरलेला. टोळींतील एक हात मंदावला तर सर्वांची मजुरी बुडते, आणि पुढच्या हंगामास त्या हातास टोळींत जागा मिळत नाहीं. जो आजार सांगितल्यानें पोट बुडतें, तो आजार कोण सांगेल? म्हणजे दुखणें मनगटांत असलें तरी तें लपविण्याचें कारण आमच्या व्यवहारांत आहे, आणि उशीर हाच या रोगांतील खरा घात आहे. आरंभीं जो हात साध्या उपायानें सुधारतो, तोच स्नायु झिजल्यावर शस्त्रक्रियेनेंही पूर्ववत्‌ होईलच असें नाहीं.

कोणी म्हणतील, पूर्वींही छाटण्या होत होत्या, तेव्हां हे रोग कोठें होते? उत्तर असें कीं, रोग होते, त्यांस नांव नव्हतें. शिवाय पूर्वीं घरची माणसें घरची बाग छाटीत. आज तीच टोळी एक बाग संपवून दुसरींत उतरते, आणि एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी व त्यामागून घडांची विरळणी मिळून वर्षांतील कित्येक महिने कात्री हातांतून सुटत नाहीं. दुसरे म्हणतील, विश्रांति देणें परवडत नाहीं. त्यांस आमचा प्रश्न असा कीं, डोळा ओळखून छाटणारा निष्णात हात गमावणें तरी परवडतें काय? असा हात बाजारांत विकत मिळत नाहीं.

यास्तव आपल्या संघापुढें आम्ही पुढील सूचना ठेवितों. प्रत्येक बागाईतदारानें टोळीमागें एक निसणा, तेलाची कुपी आणि एक-दोन जादा कात्र्या पुरवाव्या, व कात्री रोज पाजवून घेण्यास लागणारा वेळ मजुरींत धरावा. धारदार कात्रीस जोर कमी लागतो, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. कात्री हाताच्या मापाची असावी. पुरुषाच्या पंजासाठीं घडविलेली कात्री स्त्रीच्या हातीं देऊं नये. ज्यांस शक्य असेल त्यांनीं बॅटरीवर चालणारी कात्री संघामार्फत भाड्यानें आणावी. उंच काडीसाठीं पायाखालीं घडवंची द्यावी, म्हणजे मनगट सरळ राहील. दोन तास छाटणी झाली कीं कांहीं वेळ काड्या गोळा करण्याचें काम देऊन हात पालटावा. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ज्याचा हात दुखतो त्यास त्याच दरानें दुसरें काम द्यावें, व तशी अट टोळी ठरवितांनाच मुकादमाशीं करावी. ज्यांच्या घरीं दुभतीं जनावरें आहेत त्यांनीं अंगठा मुडपून धार काढण्याची खोड सोडून पूर्ण मुठीनें काढावी. त्यांत सडाचेंही हित आहे आणि हाताचेंही.

उपचारांविषयीं दोन शब्द. आरंभीच्या अवस्थेंत मनगट सरळ राखणारी कडक पट्टी रात्रीं झोपतांना बांधावी. कांहीं आठवडे नेमानें बांधल्यास पुष्कळांस उतार पडतो. गरज पडल्यास डॉक्टर बोगद्यांत स्टेरॉईडचें इंजेक्शन देतात, त्याचा गुण कांहीं काळ टिकतो. बधिरपणा सतत राहूं लागला किंवा अंगठा दुबळा झाला तर ज्ञानतंतूची तपासणी करून शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा. तींत तो आडवा बंध कापून ज्ञानतंतूस मोकळीक देतात. बहुधा केवळ हात बधिर करून ती होते व रोगी त्याच दिवशीं घरीं जातो, मात्र पकड परत येण्यास आठवडे किंवा महिने लागतात. दुकानांतून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाऊं नयेत; त्यांनीं दाब हटत नाहीं आणि पोटास व मूत्रपिंडांस अपाय होतो. बधिर हातास डागणें किंवा कडक शेक देणें तर फारच घातक, कारण भाजल्याचें त्या हातास कळतच नाहीं.

यंदाच्या छाटणीपूर्वीं संघाच्या सभेंत या सूचनांचा विचार व्हावा, अशी आमची नम्र विनंति आहे. सभा होईपर्यंत एवढें तरी प्रत्येकानें करावें: उद्यां बागेंत गेल्यावर टोळींतील प्रत्येकास, मुकादम जवळ नसतांना, ‘रात्रीं हातास मुंग्या येतात काय?’ असें विचारावें. आणि उत्तर होय असें आलें तर आम्ही केलें तसें गप्प बसूं नये.