दीडच्या स्पीडवर

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढे कुठे उपदेश वाटला तरी तुम्ही मला फार मारणार नाही. मागची दोन वर्षं मी एकही पिक्चर एका बैठकीत पूर्ण पाहिला नव्हता. पाहिले तसे भरपूर. मेसच्या रांगेत वीस मिनिटं, बसमध्ये अर्धा तास, उरलेला रात्री जर्नल पूर्ण करता करता, आणि तोही दीडच्या स्पीडवर. गाणी तर सरळ पुढे ढकलायची. लेक्चरचे व्हिडिओ दोनच्या स्पीडवर, आईचा व्हॉइस मेसेज दीडच्या स्पीडवर! (त्यामुळे आई मला कायम घाईत असल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती अतिशय सावकाश बोलणारी बाई आहे.) असा वाचवलेला वेळ कुठे गेला म्हणाल, तर रील्स बघण्यात. असो.

या सवयीने पिक्चरचं वाटोळं झालं तर झालं, कुणाचं काय बिघडतं, असं मला वाटायचं. बिघडलं ते नोव्हेंबर २०२४ मध्ये.

विधानसभेचा प्रचार ऐन रंगात आला होता. माझा रूम पार्टनर यवतमाळकडचा, मी सांगलीकडचा. राजकारणात आमची तोंडं विरुद्ध दिशेला, पण चहा एकाच टपरीवर. एका रात्री मला कुठूनशी त्याच्या आवडत्या नेत्याची १४ सेकंदांची क्लिप आली. शेतकऱ्यांबद्दल तो माणूस असं काही बोलत होता की ऐकून कुणाचंही डोकं सणकावं. नेत्याचं आणि पक्षाचं नाव सांगत नाही. एक तर संपादक मंडळ कापेल, आणि दुसरं म्हणजे मुद्दा त्या पक्षाचा नाहीच. मी क्लिप लगेच हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकली, खाली दोन खवचट ओळी लिहिल्या आणि पांघरूण घेऊन झोपलो.

सकाळी पार्टनर खुर्ची ओढून माझ्या कॉटसमोर बसला होता. "पूरं भाषण पाह्यलं का बे तू?" मी म्हटलं, गरज काय, स्वतःच्या तोंडाने बोललाय की. त्याने लॅपटॉप समोर ठेवला. भाषण ४८ मिनिटांचं. एकतिसाव्या मिनिटाला तो नेता म्हणतो, "आमचे विरोधक काय म्हणतात ऐका..." आणि मग ते वाक्य. म्हणजे तो ते विरोधकाचं म्हणून वाचून दाखवत होता, आणि पुढची पाच मिनिटं त्यालाच उत्तर देत होता. कापणाऱ्याने बरोबर मधला तुकडा उचललेला.

आता इथे "चुकलो रे" म्हणून विषय संपायला हवा होता. मी काय म्हणालो? "बरं, हे नसेल बोलला, पण त्याच्या मनात तेच आहे." आजही हे वाक्य आठवलं की कान गरम होतात. पार्टनर काही न बोलता उठला. पुढचे एकोणीस दिवस आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत एकमेकांशी बोललो नाही. पंखा लावायचा की नाही हेसुद्धा शेजारच्या खोलीतला पोरगा येऊन ठरवायचा. ग्रुपवरून ती क्लिप मी काढलीही नाही. तोपर्यंत ती इतर चार ग्रुपवर पोचली होती.

ईएनटीसीच्या लोकांना यातली गंमत लवकर कळेल. सॅम्पलिंग थिअरम आपण परीक्षेसाठी पाठ करतो. सिग्नलमध्ये जी सर्वांत मोठी फ्रिक्वेन्सी आहे, तिच्या दुपटीपेक्षा जास्त वेगाने सॅम्पल घेतले नाहीत तर मूळ सिग्नल परत मिळत नाही. पण खरा धोका पुढे आहे. कमी सॅम्पल घेतले म्हणून खरखर ऐकू येते, आणि आपण सावध होतो, असं होत नाही. मिळतो तो छान गुळगुळीत, व्यवस्थित दिसणारा आणि पूर्णपणे भलताच सिग्नल. त्याला एलियासिंग म्हणतात. १४ सेकंदांची क्लिप ही तशीच. ती अर्धवट वाटत नाही, पूर्णच वाटते.

आणि हे फक्त पार्टनरशी भांडण्यापुरतं राहत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी माणसं होती ती, सोलापूर जिल्ह्यातून आलेली. त्या महिन्यांत मोबाईलवर मुलं पळवण्याचे मेसेज आणि व्हिडिओ सगळीकडे फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. फॉरवर्ड करणाऱ्या बहुतेकांना वाटलं असणार, आपण सावध करतोय, चांगलंच काम करतोय. मीही त्या रात्री चांगलंच काम करून झोपलो होतो.

तर अशा अबोल्याच्या एकोणिसाव्या दिवशी, डिसेंबरातल्या एका शनिवारी, आमच्या असिस्टंट रेक्टर सरांनी कॉमन रूममध्ये प्रोजेक्टर लावला. पिक्चर: 'सिंहासन'. १९७९ सालचा, जब्बार पटेलांचा. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या आणि विजय तेंडुलकरांची पटकथा. पोरांनी नाकं मुरडली. पण सरांनी त्या दिवशी मेसमध्ये चिकन असल्याची बातमी आधीच फोडली होती, आणि पिक्चर संपल्याशिवाय मेस उघडणार नव्हती. (याला म्हणतात प्रशासन.) दाराशी मेसच्या मावशींचं घमेलं. "मोबाईल यात टाका आणि आत चला."

चाळीसेक जण होतो. पहिली वीस मिनिटं हात आपोआप खिशाकडे जात होता. शेजारच्याचंही तेच. मग केव्हातरी तो जायचा थांबला.

'सिंहासन'मध्ये मुख्यमंत्री आहे (अरुण सरनाईक), त्याची खुर्ची ओढायला टपलेला अर्थमंत्री आहे (डॉ. श्रीराम लागू), आणि हे सगळं जवळून बघणारा दिगू टिपणीस नावाचा पत्रकार आहे, निळू फुल्यांनी केलेला. निळूभाऊ म्हटलं की आपल्याला वाड्यावरचा पाटील आठवतो. इथे हा माणूस खांद्याला झोळी अडकवून नुसता बघतोय. मला सगळ्यात जाणवलं ते हे की यातला एकेक प्रसंग उचलून क्लिप केली, तर कुणालाही देव करता येईल आणि कुणालाही राक्षस. मुख्यमंत्र्याचा एक तुकडा दाखवा, माणूस सुसंस्कृत, वैतागलेला, बिचारा वाटतो. दुसरा दाखवा, पक्का बेरकी. अर्थमंत्र्याचं तसंच. पण सलग पाहिलं की दोघांपैकी कुणाच्याही बाजूने टाळी वाजवता येत नाही. आणि शेवटी दिगूला वेड लागतं. तो हसत सुटतो. ते हसू दीडच्या स्पीडवर बघून काही उपयोग नाही. आधीचे दोन तास त्याच्याबरोबर काढले असले तरच ते अंगावर येतं.

दिवे लागले. पाचेक सेकंद कुणी काही बोललं नाही. मग मागून आवाज आला, "काहून हसला असंल बे तो एवढा?" प्रश्न सगळ्यांना होता, पण पार्टनर बघत होता माझ्याकडे. मेसच्या रांगेत आम्ही त्यावर भांडायला लागलो, ताटं घेऊन बसलो तरी भांडतच होतो, आणि चिकन संपल्यावर लक्षात आलं की आपण बोलतोय. माफी मी रात्री मागितली. ग्रुपवरही लिहिलं, पूर्ण भाषणाची लिंक देऊन. मूळ क्लिपवर साठ जण हसले होते. दुरुस्तीवर तीन अंगठे आले, त्यातला एक पार्टनरचा.

तुम्ही म्हणाल, म्हणजे जुनं ते सोनं. तर नाही. ती पळवाट सरांनीच बंद केली. ते २००६ मध्ये याच हॉस्टेलवर होते. एका खोलीत एकच कॉम्प्युटर, भला थोरला मॉनिटर, आणि त्याच्यासमोर बारा जणांनी बसून 'रंग दे बसंती' पाहिलेला. त्याच वर्षी जेसिका लाल खटल्यातले आरोपी सुटल्यावर दिल्लीत इंडिया गेटपाशी लोक मेणबत्त्या घेऊन उभे राहिले, अगदी त्या पिक्चरमधल्यासारखे. (डिसेंबर २००६ मध्ये उच्च न्यायालयाने मुख्य आरोपीला दोषी ठरवलं.) "आम्हीही गेटपासून चौकापर्यंत मेणबत्त्या घेऊन गेलो," सर म्हणाले. "घोषणा देऊन घसा बसला. आणि २००९ च्या लोकसभेला आमच्या बारा जणांपैकी नऊ जणांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं." ते हसले. मी हसलो नाही.

कारण माझं नाव यादीत होतं. गावाकडे, आमच्या शाळेच्या बूथवर. २० नोव्हेंबर २०२४, बुधवार. आदल्या दिवशी बाबांचा फोन आला, "येतोयस ना?" मी म्हटलं, सबमिशन आहे. सबमिशन शुक्रवारी होतं. रात्रीची एसटी होती, सकाळी पोचलो असतो, दुपारी निघून परत आलो असतो. बाबा एवढंच म्हणाले, "बरं, बघ." दुसऱ्या दिवशी त्यांनी आजीचा फोटो पाठवला. ८१ वर्षांची, रिक्षातून उतरून, काठी टेकत, शाई लावलेलं बोट कॅमेऱ्यासमोर धरलेलं. मी तो फोटो स्टेटसला टाकला, "लोकशाहीचा उत्सव" वगैरे लिहून. चिकार बदाम आले. माझं स्वतःचं बोट कोरं आहे हे कुणी विचारलं नाही.

'न्यूटन'मध्ये तो कारकून दंडकारण्यातल्या ७६ मतदारांसाठी मशीन घेऊन जंगलात जातो, आणि लोक त्याला वेडा समजतात. मीही तेच समजून हसलो होतो. ७६ लोकांपर्यंत मशीन पोचवण्यासाठी माणसं पायपीट करतात, आणि मला रात्रीची एसटी जड झाली.

ज्यांचं नाव अजून कुठेच नाही, त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. हॉस्टेलच्या पत्त्यावरही मतदार म्हणून नोंद करता येते. फॉर्म ६ भरायचा, आणि सोबत आपण इथे शिकतो-राहतो असा कॉलेजचा बोनाफाईड दाखला जोडायचा. नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, गाव किंवा हॉस्टेल, हे ठरवणं आपलं. पूर्वी १८ पूर्ण झाल्याची तारीख फक्त १ जानेवारी धरायचे. २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरही धरतात, म्हणजे "माझं वय बसलं नाही" हे कारण वर्षभर चालत नाही. ऑफिसच्या मॅडमना विनंती आहे की रेल्वेच्या कन्सेशनसाठी देता तेवढ्याच चटकन हा दाखलाही द्यावा. आणि मुलांना विनंती की तो मागायला निदान जावं!

पार्टनरने त्याचं नाव इथल्या पत्त्यावर आणलं. मी गावाकडचंच ठेवलंय. आजी विचारते, पुढच्या वेळी कोण रिक्षा आणणार म्हणून.

येत्या शनिवारी कॉमन रूममध्ये 'सामना' आहे, संध्याकाळी सहाला. मावशींनी घमेलं परत मागितलंय, त्यामुळे मोबाईलसाठी या वेळी बादली असेल. कोरडी असेल, आम्ही तपासलंय.