नवा दूतावास उघडला, पण आत खुर्चीवर कोण?

मार्च २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आफ्रिकेत १८ नव्या वकिलाती उघडायला मंजुरी दिली. तिथली आपली संख्या २९ वरून ४७ होणार होती. इमारत भाड्याने मिळते, झेंडाही लागतो. पण माणसे कुठून आणायची?

परराष्ट्र व्यवहारविषयक संसदीय समितीच्या २०२३ च्या अहवालातले आकडे पाहा. मंत्रालयाचे एकूण मनुष्यबळ ४,८८८. त्यात भारतीय परराष्ट्र सेवेचे अधिकारी फक्त १,०११. त्यातले ६६७ परदेशात, ३३४ दिल्लीत. जगभरात आपली कार्यालये दोनशेच्या आसपास आहेत. म्हणजे एका कार्यालयाला सरासरी जेमतेम तीन-साडेतीन अधिकारी.

कोणत्याही वकिलातीत राजकीय, व्यापारी, कॉन्सुलर, सांस्कृतिक अशी कामे असतात. जिथे भारतीय कामगार जास्त, तिथे समुदाय कल्याणाचा विभागही लागतो. माणसे कमी पडली की एकाच अधिकाऱ्यावर तीन टेबले येतात. राजकीय आणि व्यापारी काम दिल्लीला रोज दिसते. कामगाराचा अर्ज मात्र मागे राहण्याचा धोका असतो.

त्याची झळ हेदवी-गुहागरपर्यंत पोहोचते. कोकणातून आखातात जाणाऱ्यांत आपल्या वाड्यांतली मुलेही आहेत. मालकाने पासपोर्ट काढून घेतला, पगार थकवला किंवा अपघातात माणूस गेला, तर घरच्यांना दाद मागायला एकच दार असते, वकिलातीचे. अशा प्रसंगी मदतीसाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. त्यातून कायदेशीर मदत आणि मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च करता येतो. पण अर्ज वाचणारा, रुग्णालयात आणि कोर्टात जाणारा माणूसच नसेल, तर निधी कागदावरच राहतो.

दुसरा प्रश्न आपल्या वाट्याचा. परराष्ट्र सेवेतली भरती नागरी सेवा परीक्षेतून होते आणि तिथे आरक्षण आहे. मात्र व्हिसा-पासपोर्टची कामे बाहेरच्या कंपन्यांकडे गेली की तिथे आरक्षणाचा प्रश्नच उरत नाही. म्हणून नव्या वकिलातीत किती पदे नियमित आणि किती कामे कंत्राटी, हे विचारायलाच हवे. आपला माणूस आत गेला की सगळे सुटते असे नाही. पण दलित कुटुंबातले के. आर. नारायणन १९४९ मध्ये या सेवेत आले, १९७६ मध्ये चीनमध्ये राजदूत झाले आणि १९९७ मध्ये राष्ट्रपती. वाट आहे, ती चालणारे वाढले पाहिजेत.

आपल्या अभ्यासिकांत तलाठी आणि पोलीस भरतीची तयारी जोरात चालते. ती चालू राहावी. सोबत एवढे सांगा, की कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी होता येते आणि पुढे परदेशातल्या वकिलातीत नेमणूकही मिळू शकते. आणि आपल्या खासदाराला एक प्रश्न लेखी द्या : आखातातल्या प्रत्येक कार्यालयात कामगारांसाठी किती पदे मंजूर आहेत आणि किती रिकामी? उत्तर संसदेच्या पटलावर आले, की पुढची मागणी आकड्यानिशी करता येईल.

जय भीम!