न खेळलेला प्रशिक्षक

जळगाव-धुळ्याकडील एखाद्या शाळेत बास्केटबॉलचे मैदान असले, तरी तो खेळ शिकवणारा माणूस त्या मैदानावर वाढलेला असतोच असे नाही. शारीरिक शिक्षणाची पदवी त्याच्याजवळ असते, पण तो स्वतः कबड्डी, खो-खो किंवा व्हॉलीबॉल खेळत आलेला असतो. कधी गणिताच्या वा मराठीच्या शिक्षकाकडेच संघ सोपवला जातो. मग संघ हरला की कुणीतरी विचारतो, 'सर स्वतः कधी खेळले आहेत का?' प्रश्न कुत्सित असतो, तरी निरर्थक नसतो. साहित्याच्या अध्यापकांना तो परका वाटू नये. ज्याने एकही कविता लिहिली नाही त्याने कविता शिकवावी का, हा त्याचाच आमच्या क्षेत्रातला अवतार आहे.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपण फार पूर्वीच देऊन टाकले आहे. करणे आणि जाणणे या दोन शक्ती एकाच माणसात असाव्यात असा आग्रह साहित्यात आपण धरत नाही. याच जळगाव परिसरातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी टिपून ठेवली, आणि १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपाने वाचकांपुढे आली. त्या गाण्यांचे मोल ओळखणाऱ्याला तशी गाणी रचता आली पाहिजेत, असे कुणी म्हटले नाही.

परंतु हे उत्तर जसेच्या तसे मैदानावर नेता येणार नाही. कविता वाचणारा ती वाचताना स्वतःच्या मनात पुन्हा घडवत असतो. वाचन हाही एक सराव असतो. बाकावर बसून सामना पाहणाऱ्याचे पाय मात्र दमत नाहीत. चौथ्या सत्रात श्वास लागल्यावर साधा पासही का चुकतो, समोरून धिप्पाड खेळाडू येत असताना उडी घेण्याआधी शरीर का कचरते, हे त्याने देहाने जाणलेले नसते. ही उणीव खरी आहे, आणि ती नाकारणाऱ्या प्रशिक्षकाच्या हाती मुले देऊ नयेत.

अशा वेळी रमाकांत आचरेकरांचे नाव पुढे केले जाते. प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळलेल्या या माणसाने सचिन तेंडुलकर घडवला, हे खरेच आहे. पण आचरेकर मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये वर्षानुवर्षे खेळले होते. त्यांच्या उदाहरणावरून मोठा खेळाडू नसलेला मोठा गुरू होऊ शकतो एवढेच सिद्ध होते. अजिबात न खेळलेल्याचे काय, हा प्रश्न तसाच उरतो.

त्याचे उत्तर खुद्द बास्केटबॉलच्या जन्मकथेत सापडते. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ योजला, तेव्हा तो खेळलेला माणूस पृथ्वीवर नव्हता. पुढे कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचे ते प्रशिक्षक झाले. तेथे त्यांच्या संघाने पंचावन्न सामने जिंकले आणि साठ गमावले. खेळाच्या जनकत्वाने प्रशिक्षकाचे यश आपोआप आले नाही. त्यांच्याहून बोलके उदाहरण सेंडा बेरेन्सन यांचे आहे. लहानपणापासून प्रकृतीने नाजूक असलेल्या, पाठीच्या दुखण्यामुळे पियानोचे शिक्षण सोडावे लागलेल्या या बाई १८९२ साली स्मिथ महाविद्यालयात व्यायामशिक्षिका झाल्या. नव्या खेळाविषयी त्यांनी वाचले आणि तो आपल्या विद्यार्थिनींना शिकवला. मार्च १८९३ मध्ये तेथे मुलींचा सामना झाला. मुलींचे बास्केटबॉल अशा रीतीने एका न खेळलेल्या बाईंनी सुरू केले.

त्याच बाईंनी पुढे मैदानाचे तीन भाग पाडून मुलींना आपापल्या भागात अडवले आणि चेंडू हिसकावण्यास मनाई केली. मुलींच्या शरीराला किती झेपेल, याविषयीचे त्या काळाचे समज या नियमांत उतरले होते. त्या वळणाचा, विभागलेल्या मैदानावरचा खेळ आयोवा राज्यातील शाळांत १९९३ पर्यंत टिकला. न खेळलेल्या प्रशिक्षकाचा धोका येथे दिसतो. ज्ञान कमी असणे हे त्यातले लहान संकट. मोठे संकट हे, की अनुभवाची रिकामी जागा पूर्वग्रह भरून काढतो. 'आपल्याकडच्या मुलींना हे जमायचे नाही' हे वाक्य त्याच जातीचे आहे.

आणि आमच्या मते खानदेशात खरा प्रश्न या मुलींचाच आहे. ज्यांच्या आयांना मैदान मिळाले नाही, त्या पहिल्या पिढीला शिकवायला खेळलेली बाई आणायची कुठून? पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेने प्रशिक्षक घडवताना खेळातील कामगिरी पाहावी, हे रास्त आहे. तीच अट तालुक्याच्या शाळेला लावली, तर तेथे संघ कधी उभाच राहणार नाही. ज्या घरांत कुणी शिकलेले नव्हते त्या घरांतली मुले शाळेत आली, तेव्हा त्यांचे जगणे न जगलेल्या शिक्षकांनीच त्यांना शिकवले. काहींनी ते अंतर ओळखून शिकवले, काहींनी तुच्छतेने. फरक तेवढ्यावरच पडला.

म्हणून अशा प्रशिक्षकाने सुरुवात कशी करावी, हा प्रश्न तंत्राइतकाच वृत्तीचा आहे. त्याने प्रथम नियमपुस्तिका वाचावी, तालुक्याच्या स्पर्धेत गुणलेखकाच्या टेबलाशी बसावे, पंचाचे काम शिकावे. खेळ पाहण्याची नजर तेथे तयार होते. लॉरेन्स फ्रँक महाविद्यालयीन संघातून कधी खेळले नाहीत. इंडियाना विद्यापीठात ते संघाचे विद्यार्थी-व्यवस्थापक होते, आणि २००४ साली न्यू जर्सी नेट्सची सूत्रे हाती घेतल्यावर त्यांचे पहिले तेरा सामने संघाने जिंकले. शिकवण्याचा आरंभ पदन्यास, पास आणि ले-अपपासून करावा. लहान मुलांसाठी ३.०५ मीटरऐवजी २.६० मीटर उंचीची रिंग असते, हे ठाऊक असावे. प्रात्यक्षिकासाठी जुन्या खेळाडूला बोलवावे, आणि त्यात कमीपणा मानू नये. स्वतःही रोज चेंडू हाती घ्यावा. तो रिंगमध्ये पडला नाही तरी चालेल, आपण किती लवकर दमतो हे तरी कळेल. एप्रिल-मे महिन्यांत जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा सराव पहाटेच उरकायचा असतो, ही जाण कोणत्याही पदकापेक्षा उपयोगाची आहे. आणि सूचना पुस्तकी मराठीत झाडण्याऐवजी, घरी अहिराणी वा लेवा गणबोली बोलणाऱ्या मुलीला 'तू तिकडे का वळलीस?' असे विचारून तिच्या बोलीतले उत्तर ऐकून घ्यावे. आतला अनुभव तिच्याजवळ आहे. तो शब्दांत आणायला तिला मदत करणे, हे आम्हां साहित्य शिकवणाऱ्यांना तरी अनोळखी काम नाही.

'सर खेळले आहेत का?' याऐवजी 'सरांना दिसते का, आणि ते ऐकतात का?' असे विचारले जावे, असे आम्हांला वाटते. पहिल्या प्रश्नाला होकार देणारी बाई उद्या याच मुलींतून मैदानावर येईल. तोवर सकाळी साडेपाचला शिट्टी घेऊन कुणीतरी तेथे उभे असले पाहिजे.