धड नॉर्टनचं, काळीज ट्रायंफचं

ट्रायटनवर आपला जाम जीव आहे, बॉस! बड्या कंपनीच्या शोरूममध्ये ही बाइक कधी दिसली नाही. 60च्या दशकातल्या ब्रिटिश पोरांनी ती गॅरेजमध्येच जमवली. फ्रेम नॉर्टनची, इंजिन ट्रायंफचं आणि नावसुद्धा निम्मं-निम्मं.

कारण अगदी व्यवहारी, बरं का. 1950ला आलेली नॉर्टनची ‘फेदरबेड’ फ्रेम वळणावर एकदम मख्खन. ट्रायंफचं ट्विन इंजिन दमदार, शिवाय ट्यूनिंगला सोपं. त्यात 500 सीसी रेसकारवाल्यांना हवं असायचं नॉर्टनचं रेसिंग इंजिन. कंपनी ते सुटं विकेना. मग ते अख्खी बाइक घ्यायचे, इंजिन काढायचे आणि फ्रेम उरायची! पोरांचं फावलं. हँडल खाली, फूटरेस्ट मागे आणि चलो लंडनचं एस कॅफे. ध्यास एकच: ‘टन’, म्हणजे ताशी 100 मैल. नुसती शोबाजी नव्हती राव! 1965मध्ये डेव्ह डेगन्स आणि रेक्स बुचर यांनी बार्सिलोनाची 24 तासांची रेस ट्रायटनवरच मारली.

आता मात्र धडधाकट, ओरिजिनल विंटेज बाइक फोडून ट्रायटन बनवायची खाज काहींना सुटते. मला ते अजिबात पटत नाही. ठोकलेली, इंजिन गेलेली नॉर्टन शोधा, मग खुशाल बनवा. पण 60 वर्षं टिकलेला संसार कशाला मोडायचा?

आणि गंमत बघा, 2020पासून नॉर्टन टीव्हीएसच्या मालकीची आहे आणि ट्रायंफची स्पीड 400 बजाज आपल्या चाकणला बनवते. दोन्हीकडचे सोयरे आता आपलेच!