पूर्ण अहवाल तमिळमध्येच हवा

तंजावर जिल्ह्यातल्या वडसेरी परिसरात लिग्नाइट काढण्याचा विचार आहे, हे गावकऱ्यांना एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या लिलावाच्या यादीतून कळले. तमिळनाडूचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि काही दिवसांतच तो पट्टा यादीतून वगळला गेला. त्याआधी २०१७ मध्ये याच जिल्ह्यातल्या कदिरामंगलमला वाहिनीतून गळलेले तेल शेतात पसरले, तेव्हा गावाच्या रोषाला उत्तर मिळाले ते पोलिसांच्या लाठीने. प्रकल्पाची माहिती लोकांना आधी मिळावी, यासाठीच तर पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन आणि जनसुनावणी आहे. पण २००६ च्या अधिसूचनेनुसार स्थानिक भाषेत द्यायचा तो फक्त सारांश, आणि तोही जास्तीत जास्त दहा पानांचा. मूळ अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत. ही तरतूद बदलल्याशिवाय सुनावणीला अर्थ येणार नाही.

सारांशात निष्कर्ष असतात. ते कशाच्या आधारावर काढले, हे परिशिष्टांत असते. पाणी-मातीचे नमुने कुठून आणि कधी घेतले, हे तिथेच कळते. मूल्यांकनासाठी साधारणपणे पावसाळा वगळून एका हंगामाची आकडेवारी पुरेशी मानली जाते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो, सांबा भाताच्या खाचरांत पाणी साचते, कालवे तुडुंब भरतात. सांडलेले तेल किंवा खारे पाणी त्याच वेळी दूरवर पसरू शकते. एप्रिल-मे मधले कोरडे नमुने हे कसे सांगणार? ही चूक अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराच्या नजरेतून सुटेल, कारण त्याचे मानधन प्रकल्पवाला देतो. शेतकऱ्याच्या नजरेतून ती सुटणार नाही, पण त्यासाठी ते परिशिष्ट त्याला वाचता आले पाहिजे.

इतका तांत्रिक मजकूर गावकऱ्यांना कळणार नाही, असे म्हटले जाते. हे मला मुळीच पटत नाही. २०१५ पासून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका मिळते. त्यावरचा सामू, क्षारता, नत्र पाहून ते खतांचा हिशेब करतात. दुसरा आक्षेप भाषांतरामुळे होणाऱ्या विलंबाचा. याच अधिसूचनेच्या २०२० च्या नव्या मसुद्याचा बावीस भाषांत अनुवाद करा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला, तेव्हा केंद्राने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. भाषांतराला काही आठवडे लागतील हे खरे, पण न कळलेल्या प्रकल्पावरचे आंदोलन आणि खटले वर्षानुवर्षे चालतात.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: २०२० मध्ये तमिळनाडूने कायदा करून हा त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषी क्षेत्र ठरवला, मग आता धोका कसला? तो कायदा आधीपासून सुरू असलेल्या कामांना हात लावत नाही. त्याच वर्षी जानेवारीत केंद्राने तेल-वायूच्या शोधविहिरींना जनसुनावणीतून सूट दिली. म्हणजे जिथे बंदीची रेषा संपते, तिथे प्रश्न विचारायची जागाही उरलेली नाही. ही सूट रद्द व्हावी. सुनावणीच्या किमान तीस दिवस आधी पूर्ण अहवाल, परिशिष्टांसह, तमिळमध्ये प्रत्येक बाधित ग्रामपंचायतीत ठेवणे बंधनकारक व्हावे, आणि तो ठेवला नसेल तर ती सुनावणी झालीच नाही असे मानावे. रत्नागिरी वा गडचिरोलीतल्या गावाला मराठीत नेमके हेच मिळायला हवे.